सांगकाम्या यंत्र आणि 97 व्या पर्सेंटाइलची रेघ

अमेरिकेतल्या एका मोठ्या शैक्षणिक रुग्णालयात कोणत्या रुग्णाला जादा देखभाल द्यायची, हे ठरवताना डॉक्टरांच्या आधी एक आकडा बोलत असे. हे प्रकरण त्या आकड्याचं आहे. रुग्णालयाचं आणि आकडा काढणारं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीचं नाव हे प्रकरण उघड करणाऱ्या 2019 च्या अभ्यासात दिलेलं नव्हतं, इथेही देत नाही. त्याने फारसं बिघडत नाही, कारण तशाच घडणीची साधनं त्या काळात इतरही अनेक जण वापरत होते.

हेच प्रकरण का घेतलं, तेही सांगतो. वर्णभेद आणि कृत्रिम बुद्धिमत्ता हे दोन शब्द एका वाक्यात आले की ऑनलाइन वाद ठरलेल्या वाटेने जातो. एक बाजू म्हणते, यंत्र वर्णद्वेषी आहे. दुसरी म्हणते, यंत्राला वर्ण माहीतच नाही, ते नुसतं गणित करतं. मग दोन्हीकडचे लोक आपापले दाखले फेकत राहतात आणि तिसऱ्या दिवशी विषय बदलतो. इथे मात्र दोन्ही बाजूंचं म्हणणं कागदावर तपासता आलं. असा योग क्वचित येतो.

पार्श्वभूमी

अमेरिकेत आरोग्यावर होणाऱ्या खर्चाचा मोठा भाग थोड्याशा, खूप आजारी रुग्णांवर जातो. मधुमेह, हृदयविकार आणि मूत्रपिंडाचा आजार एकाच माणसाला असले की त्याची औषधं एकमेकांत अडकतात, तपासण्या चुकतात आणि शेवटी तो रात्री-अपरात्री इमर्जन्सीत पोचतो. 2010 च्या आरोग्य सुधारणा कायद्यानंतर तिथे एक प्रकारचे करार वाढले. त्यांत रुग्णांच्या एकूण खर्चाची जोखीम रुग्णालय उचलतं. खर्च ठरलेल्या रकमेपेक्षा कमी झाला तर बचतीत वाटा मिळतो, जास्त झाला तर झळ बसते. साहजिकच अशा रुग्णांना आधीच गाठून सांभाळणं रुग्णालयाच्याही फायद्याचं ठरलं.

त्यासाठी जादा देखभालीचे कार्यक्रम निघाले. कार्यक्रमात घेतलेल्या रुग्णामागे खास परिचारिका असतात, डॉक्टरांची वेळ लवकर मिळते, औषधांचा मेळ घालायला एक गट असतो. ही सोय महाग आहे आणि सगळ्यांना पुरत नाही. म्हणून निवड करावी लागते, आणि हजारो रुग्णांमधून निवड करायला सॉफ्टवेअर येतं.

या रुग्णालयातलं सॉफ्टवेअर दरवर्षी मागच्या वर्षाचे विम्याचे क्लेम वाचत असे. वय, लिंग, विम्याचा प्रकार, निदानाचे कोड, झालेल्या प्रक्रिया, औषधं आणि बिलं हे सगळं त्यात असे. वंशाचा रकाना मुद्दाम वगळलेला होता. यातून प्रत्येक रुग्णाला एक स्कोर मिळे. त्या स्कोरला सगळे 'धोका' म्हणत. 97 व्या पर्सेंटाइलच्या वर, म्हणजे दर शंभरांतल्या सर्वांत जास्त स्कोरच्या तिघांत असलेल्या रुग्णाचं नाव कार्यक्रमासाठी आपोआप पुढे येई. 55 च्या वर असेल तर त्याच्या डॉक्टरांपुढे माहिती ठेवली जाई आणि याला घ्यायचं का, हे त्यांना विचारलं जाई. त्याखालच्यांबद्दल ही यंत्रणा काहीच बोलत नसे.

या प्रकारची साधनं अमेरिकेत दरवर्षी सुमारे 20 कोटी लोकांना लावली जात, असा त्या उद्योगाचा अंदाज अभ्यासकांनी 2019 मध्ये दिला होता. म्हणजे एका रुग्णालयात काय चाललं होतं, ही बाब त्या इमारतीपुरती राहत नाही.

अडचण कशी दिसली

झियाद ओबरमायर, ब्रायन पॉवर्स, ख्रिस्टीन व्होगेली आणि सेंधिल मुल्लैनाथन या चार संशोधकांच्या हाती एक दुर्मीळ गोष्ट आली. अशा सॉफ्टवेअरचं आतलं काम बाहेरच्यांना सहसा दिसत नाही. इथे त्यांना सॉफ्टवेअरने दिलेले स्कोर मिळाले, स्कोर ज्या डेटावरून निघाले तो डेटा मिळाला, स्कोरला नेमका कशाचा अंदाज बांधायला सांगितलं होतं तेही कळलं आणि त्याच रुग्णांचे प्रयोगशाळेतले अहवालही मिळाले. 2013 ते 2015 या तीन वर्षांतले, स्वतःला कृष्णवर्णीय म्हणवणारे 6,079 आणि गोरे म्हणवणारे 43,539 रुग्ण त्यात होते. अभ्यास ऑक्टोबर 2019 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला.

त्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता. दोन रुग्णांचा स्कोर सारखा असेल, तर ते सारखेच आजारी असतात का?

नव्हते. 97 च्या रेघेवर उभ्या असलेल्या कृष्णवर्णीय रुग्णांना सरासरी 4.8 दीर्घकालीन आजार होते, तर गोऱ्या रुग्णांना 3.8. म्हणजे त्याच रेघेला पोचायला कृष्णवर्णीय माणसाला सुमारे 26 टक्के जास्त आजारी असावं लागत होतं. हा फरक निदानाच्या यादीपुरता नव्हता. सारख्या स्कोरच्या रुग्णांत कृष्णवर्णीयांचा रक्तदाब अधिक चढलेला होता, तीन महिन्यांची साखर वाढलेली होती, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी तपासणी) आणि हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) यांचे आकडे वाईट होते. रक्ताचा नमुना कुणाच्या बाजूने बोलत नाही, त्यामुळे या तपासण्यांचं वजन मोठं.

मग अभ्यासकांनी एक काल्पनिक मांडणी केली. रेघेच्या वर असलेला तुलनेने कमी आजारी गोरा रुग्ण खाली आणायचा, रेघेच्या खालचा जास्त आजारी कृष्णवर्णीय रुग्ण वर घ्यायचा, आणि दोघांचं आजारपण सारखं होईपर्यंत हे करत राहायचं. आपोआप निवडल्या जाणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचा वाटा 17.7 टक्के होता. या मांडणीत तो 46.5 टक्के झाला.

कारण

वंशाचा रकानाच नव्हता, तर हा फरक आला कुठून?

इथेच घोडं पेंड खात होतं. सॉफ्टवेअरला 'हा रुग्ण किती आजारी पडेल' असं विचारलेलंच नव्हतं. विचारलं होतं, 'या रुग्णावर पुढच्या वर्षी किती डॉलर खर्च होतील?' आजारपण मोजायला अवघड, बिलं मोजायला सोपी. प्रत्येकाची बिलं असतात, एकाच चलनात असतात, विमा कंपनीकडे तयार असतात. आजारी माणसावर खर्च जास्त होतो हेही सर्वसाधारणपणे खरं आहे. शितावरून भाताची परीक्षा करावी तसं खर्चावरून आजारपण जोखलं गेलं.

पण शीत दुसऱ्याच भांड्यातलं होतं. आजारांची संख्या सारखी असताना कृष्णवर्णीय रुग्णावर वर्षाला सरासरी 1,801 डॉलर कमी खर्च होत होता. विमा असूनही. खर्चाची जातकुळीही वेगळी होती: तज्ज्ञांच्या भेटी आणि शस्त्रक्रिया यांवर कमी, इमर्जन्सी आणि डायलिसिसवर जास्त. म्हणजे वेळेवर व्हायला हवा तो खर्च झाला नाही आणि हाताबाहेर गेल्यावरचा झाला.

यामागची कारणं जुनी आहेत. कामावरून सुट्टी मिळत नाही, दवाखाना लांब असतो, मुलं कुणाकडे सोडायची हा प्रश्न असतो. गरिबीच्या या सगळ्या गोष्टी आहेतच. त्यावर अविश्वास आहे. अलाबामातल्या टस्कीगी इथे 1932 ते 1972 अशी 40 वर्षं सरकारच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने सिफिलिस झालेल्या सुमारे 400 कृष्णवर्णीय पुरुषांना उपचारांविना नुसतं निरखलं. पेनिसिलिन सर्वत्र मिळू लागल्यावरही ते त्यांना दिलं नाही. ज्या समाजाच्या आठवणीत हे आहे, त्यातला माणूस डॉक्टरांकडे उशिराने जात असेल तर त्याला दोष देणं कठीण आहे. आणि तो गेल्यावरही डॉक्टर त्याचं दुखणं तितकंच मनावर घेतात का, हा वेगळा प्रश्न आहेच.

या सगळ्याची बेरीज बिलात उतरते. ज्याला कमी मिळालं त्याचं बिल कमी. सॉफ्टवेअरने ते बिल वाचलं आणि याला फारशी गरज नाही, असा अर्थ बाहेर आला. ज्याला आधी कमी मिळालं, त्याला पुढेही कमी देण्याची शिफारस.

आता या प्रकरणातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. सॉफ्टवेअरने आपलं काम चोख केलं होतं. सारख्या स्कोरच्या कृष्णवर्णीय आणि गोऱ्या रुग्णांवर प्रत्यक्षात झालेला खर्च जवळपास सारखाच निघाला. खर्चाच्या अंदाजात पक्षपात नव्हता. मराठीत अशा नोकराला सांगकाम्या म्हणतात, सांगितलं तेवढं तंतोतंत करणारा आणि त्यामुळेच घात करणारा.

वाद कशावर चालतो

या प्रकरणाची बातमी झाली तेव्हा बहुतेकांनी 'पक्षपाती यंत्र' असं म्हटलं. त्या रुग्णालयात काम करणाऱ्याला मात्र स्कोर काढणारं हे सॉफ्टवेअर 'कृत्रिम बुद्धिमत्ता' वाटलं असण्याची शक्यता कमी. ते बोलत नव्हतं, चित्र काढत नव्हतं, मागच्या आकड्यांवरून पुढचा आकडा सांगत होतं. कृत्रिम बुद्धिमत्ता हा शब्द 1955 मध्ये डार्टमथच्या परिषदेच्या प्रस्तावात आला आणि तेव्हापासून त्याची हद्द सरकत राहिली आहे. पण इथे शब्दाने फरक पडतो. त्याला बुद्धिमत्ता म्हटलं की त्याने काहीतरी जाणलं असं गृहीत धरलं जातं, आणि जाणणाऱ्यावर दोष टाकता येतो. नुसतं अंदाज बांधणारं साधन म्हटलं तर लगेच पुढचा प्रश्न येतो: अंदाज कशाचा, आणि तो कुणी मागवला?

2020 च्या जूनमध्ये हाच वाद ट्विटरवर पेटला. मिनियापोलिसमध्ये 25 मे रोजी जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाला होता आणि वातावरण तापलेलं होतं. धूसर फोटोवरून स्पष्ट चेहरा बनवणारं ड्यूक विद्यापीठातलं एक साधन कुणीतरी बराक ओबामांच्या धूसर फोटोवर चालवलं, आणि चेहरा गोऱ्या माणसाचा आला. तेव्हा फेसबुकचे मुख्य कृत्रिम बुद्धिमत्ता शास्त्रज्ञ असलेल्या यान लकन यांनी लिहिलं की डेटा पक्षपाती असला की अशा प्रणाली पक्षपाती होतात. त्या वेळी गूगलमध्ये संशोधक असलेल्या टिम्नित गेब्रू यांनी हरकत घेतली: सगळी हानी डेटाच्या खात्यावर टाकून मोकळं होता येत नाही. पुढे चर्चा मुद्द्यापेक्षा कोण कुणाशी कसं बोललं यावर गेली, आणि महिनाअखेरीस लकन यांनी ट्विटरवरून निरोप घेतला.

त्या वादात आपल्या प्रकरणाचा दाखला ठेवून बघावा. इथे डेटात खोट नव्हती. बिलं खरी होती, एकही खोटं नव्हतं. कृष्णवर्णीय रुग्णांची संख्या वाढवून काही सुधारलं असतं असंही नाही. उलट दहापट रुग्ण घेतले असते तर सॉफ्टवेअरने 'यांच्यावर कमी खर्च होतो' ही गोष्ट आणखी अचूकपणे शिकली असती. 'डेटा सुधारा' हे उत्तर इथे लागूच पडत नाही.

याच्या शेजारी आणखी एक प्रकरण ठेवण्याजोगं आहे. फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीत आरोपी पुन्हा गुन्हा करेल का याचा स्कोर देणारं 'कॉम्पास' नावाचं साधन वापरात होतं. 2016 मध्ये 'प्रोपब्लिका'च्या पत्रकारांनी दाखवलं की पुढे गुन्हा न केलेल्या कृष्णवर्णीय आरोपींपैकी 44.9 टक्क्यांवर जास्त धोक्याचा शिक्का होता, गोऱ्यांपैकी 23.5 टक्क्यांवर. कॉम्पास बनवणाऱ्या कंपनीचं उत्तर होतं की सारख्या स्कोरच्या दोन्ही गटांत पुन्हा गुन्ह्यात सापडण्याचं प्रमाण सारखंच आहे. दोघांचे आकडे बरोबर होते. त्याच वर्षी संशोधकांनी गणिताने सिद्ध केलं की दोन गटांत पुन्हा गुन्ह्यात सापडण्याचं मुळातलं प्रमाण वेगळं असेल तर न्यायाच्या या दोन्ही कसोट्या एकदम पुऱ्या होऊच शकत नाहीत. त्या सिद्धतेच्या लेखकांत मुल्लैनाथन होते, तेच जे पुढे रुग्णालयाच्या अभ्यासात दिसतात.

कॉम्पासचा वाद आजही जिथल्या तिथे आहे, रुग्णालयाचा मात्र पुढे सरकला. मला याचं कारण असं दिसतं की रुग्णालयात दुसरी मोजपट्टी होती. स्कोर बिलावर उभा होता, पण रक्तातली साखर बिलावर अवलंबून नव्हती, म्हणून स्कोर तिच्याशी ताडून पाहता आला. कोर्टात ती सोय नाही. तिथे 'गुन्हा' म्हणून जे मोजतात ते खरं तर 'अटक' असते, आणि पोलीस कुठे जास्त गस्त घालतात यावर अटक ठरते. अटकेपलीकडे जाऊन कुणी काय केलं, हे सांगणारी रक्ततपासणी नसते.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय काही न करण्याचा. तो वरवर हास्यास्पद वाटतो, पण त्याच्या बाजूने बोलता येत होतं: कराराचा हेतू खर्च आवरण्याचा आहे आणि सॉफ्टवेअर खर्चच सांगतं. फक्त मग कार्यक्रमाला 'गरजूंना जादा देखभाल' म्हणता आलं नसतं.

दुसरा, सॉफ्टवेअर काढून टाकून निवड डॉक्टरांवर सोपवण्याचा. 55 च्या वरच्या रुग्णांबाबत डॉक्टरांना अधिकार होताच. त्यांच्या निवडीने तूट थोडी भरून आली, पण अगदी थोडी. आजारपणाचा अंदाज बांधणाऱ्या चांगल्या सूत्राने जितकी भरली असती त्याच्या जवळपासही नाही. डॉक्टरही त्याच व्यवस्थेत वाढलेले असतात.

तिसरा, वंश सूत्रात आणण्याचा, म्हणजे कृष्णवर्णीयांना वेगळी रेघ किंवा जादा गुण द्यायचे. यावर कायद्याचे प्रश्न आहेत. त्याहून मोठा प्रश्न असा की वंश सूत्रात घातल्याचा वैद्यकातला जुना अनुभव कडू आहे. मूत्रपिंड किती काम करतं याचा अंदाज क्रिएटिनिनवरून काढतात. 2009 च्या सूत्रात कृष्णवर्णीय रुग्णाचं उत्तर 1.159 ने गुणलं जाई, म्हणजे मूत्रपिंड सुमारे 16 टक्के चांगलं दिसे. कागदावर चांगलं दिसलं की प्रत्यारोपणाच्या यादीत नाव उशिरा लागे. 2021 मध्ये अमेरिकेतल्या मूत्रपिंडतज्ज्ञांच्या संघटनांनी तो गुणक काढून टाकण्याची शिफारस केली, आणि 2023 पासून यादीतल्या कृष्णवर्णीय रुग्णांचा हुकलेला प्रतीक्षाकाळ त्यांना परत जोडून देणं सुरू झालं. 14,000 हून अधिक जणांची प्रतीक्षा त्यातून दुरुस्त झाली.

ही दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवली की एक सोयीचा समज मोडतो. मूत्रपिंडाच्या सूत्रात वंश होता आणि नुकसान झालं. देखभालीच्या स्कोरमध्ये वंश नव्हता आणि नुकसान झालं. रकाना ठेवा की काढा, यावर भांडून निकाल लागत नाही.

चौथा पर्याय यंत्राला विचारलेला प्रश्नच बदलण्याचा. अभ्यासकांनी याच डेटावर तीन वेगवेगळी सूत्रं शिकवून पाहिली. एकाला एकूण खर्च विचारला, दुसऱ्याला टाळता येण्याजोगा खर्च, म्हणजे इमर्जन्सी आणि भरती, तर तिसऱ्याला सक्रिय दीर्घकालीन आजारांची संख्या. बाकी सगळं तेच: तेच रुग्ण, तेच रकाने, तीच पद्धत. एकूण खर्च विचारल्यावर सर्वांत वरच्या गटात कृष्णवर्णीय 14.1 टक्के होते. टाळता येण्याजोगा खर्च विचारल्यावर 21 टक्के झाले, आजार विचारल्यावर 26.7 टक्के.

एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द, आणि वाटा जवळपास दुप्पट. विशेष म्हणजे जास्त खर्चाचे रुग्ण आधीच ओळखण्याच्या कामात या तिन्हींमध्ये फार तफावत नव्हती. म्हणजे रुग्णालयाला पैशाची काळजी सोडून द्यावी लागली असती, असंही नाही.

काय केलं

इथे एक निर्णय आहे ज्यावर मतभेद होऊ शकतात. अभ्यासकांनी आधी कंपनीशी संपर्क साधला. निबंधात नाव छापलं नाही.

कंपनीने देशभरातल्या विमाधारकांच्या आपल्या डेटावर तीच तपासणी करून पाहिली. 36,95,943 रुग्ण होते. निष्कर्ष तोच आला: सारख्या स्कोरला कृष्णवर्णीयांना गोऱ्यांपेक्षा जास्त आजार, एकूण 48,772 सक्रिय आजारांची तफावत. मग दोन्ही बाजूंनी मिळून खर्च आणि आरोग्य यांचा एकत्रित निर्देशांक अंदाजासाठी वापरून पाहिला. तफावत 7,758 वर आली, म्हणजे 84 टक्क्यांनी घटली. अभ्यासकांनी या कामाचं मानधन घेतलं नाही.

नाव न छापण्याने हे सहकार्य मिळालं, असं मला वाटतं. चव्हाट्यावर आणलेली कंपनी आपला डेटा उघडून बसत नाही. पण याची किंमतही आहे. 97 च्या रेघेखाली राहिलेल्या माणसाला आपण रेघेखाली का राहिलो हे त्या काळात कळायला वाव नव्हता. त्याला तर असा स्कोर असतो हेही माहीत नव्हतं. सुधारणा लवकर व्हावी की ज्याच्यावर अन्याय झाला त्याला आधी सांगावं, यातली निवड अभ्यासकांनी केली. मी त्यांच्या जागी असतो तर बहुधा तीच केली असती, पण ती निवड आहे, आपोआप घडलेली गोष्ट नाही, एवढं लक्षात ठेवावं.

पुढे काय झालं

निबंध आल्यावर लगेच न्यूयॉर्क राज्याच्या नियामकांनी संबंधित कंपनीकडे पत्राने विचारणा केली. डिसेंबर 2019 मध्ये कोरी बुकर आणि रॉन वायडन या सिनेटरांनी विमा कंपन्यांना आणि केंद्रीय संस्थांना पत्रं लिहून अशा सूत्रांची तपासणी कशी होते, हे विचारलं. 2024 च्या मे महिन्यात केंद्रीय आरोग्य खात्याने नियम जाहीर केला: रुग्णांबाबत निर्णय घेण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या साधनांतून भेदभाव होत नाही ना, हे शोधून तो धोका कमी करण्याचा वाजवी प्रयत्न रुग्णालयांनी करायचा. 'आम्ही नुसतं विकत घेतलं' ही सबब त्यातून बरीच सैल होते.

84 टक्के हा आकडा मात्र जपून वापरावा. तो डेटावर केलेल्या चाचणीचा आहे, रुग्णाच्या खाटेपर्यंत पोचलेल्या परिचारिकेचा नाही.

काय वेगळं करता आलं असतं

सुरुवात नावापासून. स्कोरला 'धोका' हे नाव दिलं नसतं आणि सरळ 'पुढच्या वर्षीचा अंदाजे खर्च' असं पडद्यावर लिहिलं असतं, तर मला वाटतं एखाद्या परिचारिकेने पहिल्याच महिन्यात विचारलं असतं की मग हा माझा डायलिसिसवाला रुग्ण यादीत का नाही. 'धोका' वाचल्यावर असा प्रश्न पडत नाही. यंत्राला धोका कळतो, असं आपण मानून चालतो.

दुसरी गोष्ट रुग्णालयाची. त्यांच्याच संगणकात एका बाजूला स्कोर होते आणि दुसऱ्या बाजूला त्याच रुग्णांचे रक्ताचे अहवाल. रुग्णांनी स्वतः सांगितलेला वंशही नोंदलेला होता. तीन तक्ते जोडायला कुणी मनाई केली नव्हती. पण वंश सूत्रातून वगळला की आपण निष्पक्ष झालो, अशी एक समजूत असते आणि तिच्या भरात तो तपासणीतूनही वगळला जातो. सूत्रात वंश न घालणं आणि निकाल वंशानुसार तपासणं यांत विरोध नाही. दुसरं केलं नाही तर पहिल्याने काय घडलं हे कळतच नाही.

विकत घेणाऱ्याने विक्रेत्याला एवढंच विचारायला हवं होतं: हे कशाचा अंदाज बांधतं, आणि आम्हाला ज्याची गरज आहे ते यापासून किती लांब आहे? यासाठी गणित यावं लागत नाही.

अभ्यासकांच्या दुरुस्तीलाही एक मर्यादा आहे, आणि ती माझ्या मते पुरेशी चर्चिली जात नाही. 'सक्रिय दीर्घकालीन आजार' ही संख्यासुद्धा डॉक्टरांच्या नोंदींतून येते. नोंद व्हायला माणूस दवाखान्यात पोचावा लागतो, तपासला जावा लागतो, निदानाचा कोड लिहिला जावा लागतो. जो पोचतच नाही, त्याची बिलंही नसतात आणि आजारही नसतात. खर्चापेक्षा ही मोजपट्टी बरी, पण ती त्याच दवाखान्याच्या दारात उभी आहे. म्हणून नव्या स्कोरचीही तशीच तपासणी दरवर्षी व्हायला हवी, आणि ती करताना जे गेल्या दोन-तीन वर्षांत एकदाही आले नाहीत अशा विमाधारकांची यादी वेगळी काढून, त्यांच्यापैकी काही जणांना फोन करून बोलावून, त्यांचा रक्तदाब प्रत्यक्ष मोजायला हवा. त्या यादीतल्या माणसाच्या नावापुढे आज जुन्या सूत्रातही शून्य येतं आणि नव्यातही.